वर्ग, वस्तू आणि जबाबदारी

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेणारा विद्यार्थी एका चमत्कारिक अनुभवातून जातो. तो तेथे येतो तेव्हा त्याला प्रोग्राम लिहिता येत असतो. संगणकाच्या दोन-तीन भाषांचे व्याकरण त्याने आत्मसात केलेले असते, त्या भाषांत लहानमोठी उदाहरणे सोडविलेली असतात, आणि त्यांची उत्तरेही बरोबर आलेली असतात. असे असूनही पहिल्याच सहामाहीत त्याला सांगण्यात येते, की प्रोग्रामची रचना कशी करावी हे त्याने आता शिकावयाचे आहे. ज्याला भाषा येते त्याला ग्रंथ लिहिता येतोच असे नाही, हे आपण सहज मान्य करतो. पण संगणकाच्या बाबतीत तीच गोष्ट पटावयास थोडा वेळ लागतो.

ह्या वरच्या पायरीवर जी विचारपद्धती शिकविली जाते तिला इंग्रजीत ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ म्हणतात. आपण तिला वस्तुकेंद्री पद्धती म्हणू. बँकांचे व्यवहार, रुग्णालयांच्या नोंदी, कचेऱ्यांतील अर्ज आणि दाखले ह्यांची कामे करणारे असंख्य प्रोग्राम आज ह्या पद्धतीने रचलेले आहेत. तिच्यावर पाठ्यपुस्तकेही पुष्कळ आहेत. परंतु व्याकरणाच्या पलीकडे त्यात शिकावयाचे ते नेमके काय, ह्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकांपेक्षा तिच्या जन्माच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. तोच इतिहास आज सांगावयाचा आहे.

ही कथा सुरू होते नॉर्वेमध्ये. क्रिस्टेन न्यूगोर हा १९२६ साली ओस्लोत जन्मलेला गणिताचा विद्यार्थी १९४८ मध्ये लष्करी सेवेच्या निमित्ताने नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेत दाखल झाला. ओस्लोजवळ शेलर येथे त्या देशाची पहिली अणुभट्टी उभारण्याचे काम तेव्हा चालू होते. भट्टीतील न्यूट्रॉनांचे काय होते, किती शोषले जातात आणि किती सुटतात, ह्याचे गणित नेहमीच्या समीकरणांनी सोडविणे फार जड जात होते. तेव्हा न्यूगोरने ‘माँटे कार्लो’ ह्या नावाने ओळखली जाणारी युक्ती योजली. एका न्यूट्रॉनचा प्रवास घ्यावयाचा, प्रत्येक वळणावर काय घडेल हे यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांवरून ठरवावयाचे, आणि असे पुष्कळ प्रवास हातांनी मांडून त्यांतून सरासरी काढावयाची. घटना प्रत्यक्ष घडवून न आणता तिची प्रतिकृती कागदावर घडवावयाची, असा हा प्रकार होता.

पुढे न्यूगोर व्यवस्थापनविषयक संशोधनाकडे वळला. तेथे न्यूट्रॉनांच्या जागी माणसे आणि यंत्रे आली. रांगा कोठे तुंबतात, एक यंत्र वाढविले तर काम किती लवकर होईल, असे प्रश्न समोर आले. प्रतिकृतीची युक्ती येथेही उपयोगी होती. परंतु एक अडचण पदोपदी जाणवू लागली. एखाद्या कारखान्याचे कामकाज दुसऱ्याला समजावून सांगण्याइतके स्पष्ट, आणि संगणकाला चालविता येईल इतके काटेकोर, असे वर्णन करावयास भाषाच नव्हती. तेव्हाच्या संगणकभाषा सूत्रांची आकडेमोड करण्यासाठी बनविलेल्या होत्या. कामाच्या जगाचे वर्णन करणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

१९६० मध्ये न्यूगोर ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात आला. तेथे त्याने अशा भाषेची आखणी आरंभिली आणि आपला जुना सहकारी उले-योहान डाल ह्याला त्या कामात ओढले. दोघांच्या वृत्ती भिन्न होत्या. न्यूगोरला जगातील गुंतागुंत दिसे आणि तिचे वर्णन करण्याची ओढ असे. डाल हा भाषेच्या रचनेतील आणि यंत्राच्या स्मृतीतील मर्मे जाणणारा प्रोग्रामर होता. अमेरिकेतील युनिव्हॅक कंपनीचा संगणक केंद्राला मोठ्या सवलतीत मिळाला, आणि त्या व्यवहाराचा एक भाग म्हणून ही नवी भाषा त्या यंत्रासाठी तयार करून देण्याचे ठरले. भाषेचे नाव सिम्युला असे होते. तिची पहिली आवृत्ती १९६५ च्या आरंभी कामास लागली.

ह्या भाषेमागील विचार समजून घेण्यासाठी एका बंदराचे उदाहरण घेऊ. बोटी येतात, धक्का रिकामा नसेल तर नांगर टाकून थांबतात, क्रेन माल उतरविते, बोट निघून जाते. आता ह्याचे वर्णन कोणाच्या बाजूने करावयाचे? क्रेन हीच कर्ती आणि बोट ही केवळ तिच्यापुढे येणारी वस्तू, असे म्हणता येते. उलट बोट हीच कर्ती, आणि धक्का व क्रेन ही तिने काही काळ वापरलेली साधने, असेही म्हणता येते. न्यूगोर आणि डाल ह्यांच्या मूळ आराखड्यात एक बाजू सदैव कर्ती व दुसरी सदैव निष्क्रिय अशी वाटणी होती. ती टिकली नाही. दोघांनाही एकाच दर्जाने वागवावे, प्रत्येकीला स्वतःची माहिती आणि स्वतःचे वर्तन असावे, आणि प्रत्येकीने आपले आयुष्य आपल्या क्रमाने जगावे, ह्या निर्णयाला ते आले.

हा निर्णय ऐकावयास साधा वाटतो, पण यंत्राच्या आतील व्यवस्था त्यामुळे पालटावी लागली. ज्या अल्गोल ६० ह्या भाषेवर सिम्युला उभी होती, तिच्यात स्मृतीची वाटणी ताटांच्या चळतीसारखी होती: शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावयाचे. परंतु बोटींची आयुष्ये चळतीप्रमाणे संपत नाहीत. आधी आलेली बोट कदाचित सर्वांत शेवटी बंदर सोडते. म्हणून डालला स्मृती वाटून देण्याची आणि मोकळी करून घेण्याची नवी पद्धत शोधावी लागली. जगाचे वर्णन खरे ठेवावयाचे तर यंत्राची सोय बदलली पाहिजे, यंत्राच्या सोयीसाठी वर्णन वाकविता कामा नये, हा आग्रह येथे प्रथम दिसतो.

यापुढची पायरी १९६६ च्या अखेरीस आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात फ्रान्समधील विलार-द-लान्स येथील उन्हाळी वर्गात इंग्लंडचे टोनी होअर ह्यांनी माहितीच्या नोंदींचे वर्ग आणि उपवर्ग करण्याविषयी व्याख्याने दिली होती. त्या विचाराने न्यूगोर आणि डाल प्रभावित झाले होते. पण तो आपल्या भाषेत बसवावा कसा हे उलगडत नव्हते. त्यांच्यासमोर उदाहरण होते एका पुलावरील पथकरनाक्याचे. नाक्यापुढे वाहनांची रांग लागलेली आहे. तीत काही मालमोटारी आहेत, काही बसगाड्या आहेत. दोहोंत भेद आहे, कारण एकीत माल आहे आणि दुसरीत उतारू. पण रांगेत उभे राहण्याची रीत मात्र दोहोंची एकच. मग ती रीत दोनदा का लिहावी? ती एकदाच लिहून ठेवावी आणि मालमोटारीच्या व बसच्या वर्णनाच्या आधी उपसर्गासारखी जोडावी, ही कल्पना त्यांना सुचली. प्र, परा, अप हे उपसर्ग जसे धातूला जोडले जातात तशी ही जोडणी होती. सामान्य वर्णन आधी, विशेष वर्णन मागून.

१९६७ च्या मे महिन्यात ओस्लोजवळच्या लीसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी हा विचार निबंधरूपाने मांडला. ‘वर्ग’ आणि ‘उपवर्ग’ ह्या संज्ञा प्रोग्रामच्या रचनेत आज ज्या अर्थाने रुळल्या आहेत त्या तेथून. वर्ग म्हणजे वर्णन. आणि त्या वर्णनाबरहुकूम उत्पन्न झालेली, स्वतःची माहिती बाळगणारी एकेक व्यक्ती म्हणजे वस्तू. त्याच वर्षी भाषेत आणखी एक सोय आली. एकच आज्ञा निरनिराळ्या वस्तूंना द्यावी आणि प्रत्येकीने ती आपल्या प्रकृतीप्रमाणे पाळावी. नाकेदाराने ‘पथकर किती?’ एवढेच विचारावे; मालमोटारीने वजनावरून सांगावे, बसने आसनांवरून. विचारणाऱ्याने भेद करीत बसू नये.

आपल्याकडील न्याय आणि वैशेषिक दर्शनांत जाती आणि व्यक्ती ह्यांची जी चर्चा आहे, आणि व्याकरणात उत्सर्ग व अपवाद ह्यांचा जो संबंध आहे, त्यांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. आपल्या दर्शनकारांचा प्रश्न ज्ञानाचा होता. ओस्लोच्या ह्या दोघांचा प्रश्न पुलावरची रांग यंत्रात चालविण्याचा होता. साम्यामुळे एवढेच कळते, की सामान्य आणि विशेष ह्यांचा विवेक केल्यावाचून कोणतेही गुंतागुंतीचे वर्णन नीट होत नाही.

इकडे हे चालले असता प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवसायावर एक संकट येत होते. यंत्रे झपाट्याने मोठी झाली, त्यांच्याकडून अपेक्षाही वाढल्या, आणि प्रोग्राम इतके अवाढव्य झाले की ते वेळेवर पुरे होईनात आणि पुरे झालेले विश्वासास पात्र ठरेनात. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे ह्या प्रश्नावर सुमारे ५० तज्ज्ञांची परिषद भरली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग तिच्या नावात मुद्दाम योजला होता. पूल बांधणाऱ्याला जी शिस्त असते ती प्रोग्राम रचणाऱ्याला का नसावी, हा त्यातील टोला होता.

ह्या संकटाचे एक उत्तर डेव्हिड पार्नास ह्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात दिले. मोठा प्रोग्राम तुकड्यांत विभागावा हे सर्वांना मान्य होते. पण तुकडे पाडावे कोणत्या तत्त्वावर? लोक कामाच्या क्रमाने तुकडे पाडीत: आधी वाचणे, मग लावणे, मग छापणे. पार्नास ह्यांनी दाखवून दिले, की पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात झाकून ठेवावा, म्हणजे तो निर्णय बदलला तरी इतरांना त्याची झळ लागत नाही.

सरकारी कचेरीत आयुष्याचा बराच भाग घालविलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडत नाही. अभिलेख-कक्षातून मला जुने प्रकरण हवे असेल तर मी क्रमांक देतो आणि अभिलेखपाल ते आणून देतो. त्याने कपाटे सालवार लावली आहेत की गाववार, हे मला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. पण प्रत्येक कारकून स्वतः कपाटात हात घालू लागला, तर काय होईल? कपाटांची मांडणी सर्वांच्या सवयीचा भाग होईल, आणि पुढे ती सुधारावयाची म्हटली की सारी कचेरी अडून बसेल. दुसऱ्याचे ज्ञान जेवढे कमी लागेल तेवढे आपले काम निर्वेध चालते. वस्तुकेंद्री पद्धतीने पार्नास ह्यांचे हे तत्त्व आपले केले.

ह्यानंतरचे प्रकरण अमेरिकेतील आहे. अॅलन के हा जीवशास्त्र आणि गणित शिकलेला तरुण १९६६ मध्ये युटा विद्यापीठात दाखल झाला. तेथे अल्गोल म्हणून आलेली एक टेप नीट चालेना. तिची तपासणी त्याच्याकडे आली, आणि ती सिम्युला निघाली. तिच्यातील वस्तू पाहून के ह्यांना शरीरातील पेशी आठवल्या. प्रत्येक पेशी स्वतःच्या भिंतीआड स्वतंत्र असते आणि इतरांशी केवळ संदेशांनी बोलते. १९७० मध्ये झेरॉक्स कंपनीने कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र स्थापन केले. तेथे के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा घडविली. तीत सर्व काही वस्तू होते, आकडासुद्धा. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हे नाव के ह्यांनीच रूढ केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या केंद्रातील एक अनुभव फार मोलाचा आहे. के आणि गोल्डबर्ग ह्यांनी स्मॉलटॉक मुलांना शिकविली, तेव्हा आरंभीचे यश पाहून सर्वजण आनंदित झाले. मग ज्यांनी पूर्वी प्रोग्राम लिहिले नव्हते अशा तेथल्याच प्रौढ माणसांना ती शिकविण्यात आली. भाषा त्यांना आली. परंतु पत्त्यांची कार्डे ठेवण्याच्या पेटीसारखी एक साधी व्यवस्था स्वतः रचून दाखवा, असे म्हणताच बहुतेकजण थबकले. के ह्यांनी तो प्रोग्राम पुन्हा तपासला. तो जेमतेम एक पानाचा होता. पण त्यात आपण होऊन सुचणार नाहीत अशा १७ कल्पना दडलेल्या त्यांना आढळल्या. जाणत्याला त्या दिसतही नाहीत, कारण त्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. ज्याने कमान कधी पाहिली नाही त्याला दगड रचता येत असूनही कमान सुचत नाही. व्याकरण आणि रचना ह्यांतील अंतर किती मोठे आहे हे ह्या प्रयोगाने उघड केले. पदव्युत्तर अभ्यास उभा आहे तो ह्याच अंतरात.

एव्हाना ही पद्धती प्रयोगशाळांतून बाहेर पडू लागली होती. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप ह्यांचा सिम्युलाशी परिचय आरहूस येथे झाला होता. केंब्रिजला डॉक्टरेटचे काम करताना त्यांनी आपला प्रोग्राम त्या भाषेत रचला. रचना सुरेख साधली, पण तो चालेना इतका मंद ठरला. १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी सिम्युलाचे वर्ग ‘सी’ ह्या वेगवान भाषेत आणण्यास आरंभ केला. त्यातून १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव धारण केलेली भाषा निघाली. १९९५ मध्ये जावा आली. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत वर्ग आणि वस्तू स्थिर झाल्या.

परंतु जे सर्वत्र पसरते ते पुष्कळदा उथळही होते. नवशिक्यांना वारशाचा मोह फार. एका वर्गाकडून दुसऱ्याला आयते गुण मिळतात म्हटल्यावर, जेथे थोडेसे साम्य दिसेल तेथे ते उपवर्ग पाडू लागले. ह्या मोहाला लगाम घातला बार्बरा लिस्कोव्ह ह्यांनी. १९८७ मधील व्याख्यानात आणि नंतर जॅनेट विंग ह्यांच्यासह १९९४ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी कसोटी घालून दिली. उपवर्गाची वस्तू मूळ वर्गाच्या जागी निःशंकपणे ठेवता आली पाहिजे. मूळ वर्गावर विसंबलेल्या कोणाचाही विश्वासघात होता कामा नये. मुदत ठेव हे बँकेतील खातेच आहे असे बोलताना आपण म्हणतो. पण ‘कोणत्याही दिवशी पैसे काढता येतील’ असे वचन खात्याने दिले असेल, तर मुदत ठेव त्या खात्याचा उपवर्ग होऊ शकत नाही, कारण ते वचन ती पाळू शकत नाही. नात्याची परीक्षा नावावरून करावयाची नाही, वचनावरून करावयाची.

शिकविण्याच्या पद्धतीतही भर पडली. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी एक अगदी साधे साधन सुचविले: सहा इंच लांब व चार इंच रुंद कार्डे. एकेका कार्डावर एकेका वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या, आणि त्या पार पाडण्यासाठी ज्यांची मदत लागते त्यांची नावे, एवढेच लिहावयाचे. मग विद्यार्थ्यांनी टेबलाभोवती बसून ती कार्डे हाती घ्यावीत आणि एखादा प्रसंग नाटकासारखा वठवून पाहावा. ज्या कार्डावर मजकूर मावत नाही त्याच्यावर फार भार पडला आहे. जे कार्ड कधी उचललेच जात नाही ते निरुपयोगी आहे. संगणक न लावता केलेला हा अभ्यास पुष्कळांना प्रथम पोरखेळ वाटतो. पण कामांची वाटणी न्याय्य झाली की नाही हे कार्डे ताबडतोब सांगतात.

त्यापुढे १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस ह्या चौघांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक निघाले. वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर अलेक्झांडर ह्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात गाव, घर आणि ओसरीपर्यंतच्या २५३ रचनांची नोंद केली होती. त्या धर्तीवर ह्या चौघांनी अनुभवी प्रोग्रामरांच्या कामांत पुन्हा पुन्हा आढळलेल्या २३ रचना नावे देऊन मांडल्या. त्यांतली कोणतीही त्यांनी नवी म्हणून पुढे केली नव्हती. जाणत्यांच्या हातात होते ते शब्दांत आणले होते. के ह्यांच्या त्या १७ कल्पनांसारख्या न दिसणाऱ्या गोष्टींना आता नावे मिळाली, आणि ज्याला नाव आहे ते शिकविता येते. वारसा जपून वापरावा, आणि शक्य तेथे एका वस्तूने दुसरीचे साहाय्य घेऊन काम भागवावे, हा त्या पुस्तकाचा उपदेश पदव्युत्तर वर्गात पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

ह्या सर्वांचा सारांश काढावयाचा तर असे म्हणता येईल, की वरच्या पायरीवरील विद्यार्थी जबाबदारी वाटून देण्याची कला शिकत असतो. कोणाला काय ठाऊक असावे, कोणापासून काय झाकावे, कोणी कोणाला कोणते वचन द्यावे, आणि उद्या बदल झाला तर त्याची झळ कोठवर पोचावी, हे चार प्रश्न त्याच्यापुढे सतत असतात. दोन उत्तरे सारखीच बिनचूक चालत असतील, तरी त्यांतील एक चांगले आणि एक वाईट असू शकते. आणि ते का, हे सांगता येणे हीच त्याची परीक्षा.

परंतु येथेच थांबलो तर न्यूगोरची कथा अर्धी राहील. त्याची भाषा वापरात आल्यावर त्याला एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसू लागली. सिम्युलाने केलेल्या प्रतिकृतींवरून कारखान्यांतील कामाची फेररचना होत होती. तीत यंत्र ही एक वस्तू होती, मालाचा गठ्ठा ही एक वस्तू होती, आणि कामगार हीही एक वस्तू होती. वर्णन व्यवस्थापनाच्या बाजूने लिहिलेले असे. त्यातून निघणारी काटकसर खरी असे. पण कामगाराचे कौशल्य, त्याचे स्वातंत्र्य आणि त्याच्यावरचा ताण ह्यांना त्या वर्णनात रकानाच नसे. जो वर्णन करतो तो व्यवस्थेवर सत्ता मिळवितो, आणि ही सत्ता आपण निर्माण केलेल्या साधनाने एकाच बाजूच्या हाती जात आहे, हे त्याने ओळखले.

असे ओळखणारे पुष्कळ असतात. न्यूगोरने त्यावर काम केले. १९७१ ते १९७३ ह्या काळात त्याने नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगार संघटनेबरोबर एक प्रकल्प चालविला. निवडक कारखान्यांतील कामगारांनी संगणकयंत्रणा म्हणजे काय हे स्वतः शिकावे, तिचे परिणाम स्वतः तपासावेत, आणि आपल्या मागण्या स्वतः मांडाव्यात, अशी त्याची योजना होती. प्रकल्पाचे फलित म्हणजे तज्ज्ञांनी लिहिलेला अहवाल नव्हे, तर संघटनेच्या हातून घडलेली कृती, असे त्यात ठरविण्यात आले होते. १९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार महासंघ आणि मालकसंघ ह्यांच्यात देशव्यापी करार झाला. नव्या यंत्रणेची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत मिळावी आणि त्यासाठी त्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडता यावेत, हे त्याने मान्य केले. १९७७ च्या कामगारविषयक कायद्यानेही नियोजन व नियंत्रणाच्या यंत्रणांची माहिती मिळण्याचा आणि त्या समजण्यापुरते शिक्षण मिळण्याचा हक्क त्यांना दिला. मराठीत ‘वर्ग’ हा शब्द शाळेच्या खोलीला, प्रोग्राममधील वर्णनाला आणि कामगारवर्गालाही लागू पडतो. न्यूगोरच्या आयुष्यात हे तिन्ही अर्थ एकत्र आले होते.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची समजू नये. एक साधा अर्ज घ्या. त्यात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असावेत, आणि तिन्ही भरल्यावाचून अर्ज पुढे सरकू नये. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ह्यात काही वावगे दिसणार नाही, कारण नाव म्हणजे हे तीन भाग असेच तो लहानपणापासून समजत आला आहे. परंतु तमिळ प्रदेशात आडनावच नसलेली, नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावणारी असंख्य माणसे आहेत. अशा माणसाने त्या तिसऱ्या रकान्यात काय लिहावे? तो कधी वडिलांचे नाव दोनदा लिहितो, कधी गावाचे नाव लिहितो; आणि पुढे दोन कागदांवरील नावे जुळत नाहीत म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवितो. प्रोग्राम रचणाऱ्याने त्याच्याविरुद्ध काही योजले नव्हते. त्याने ‘नागरिक’ नावाचा वर्ग लिहिला, आणि लिहिताना फक्त आपल्या गावचा नागरिक डोळ्यांसमोर आणला, एवढेच. प्रोग्राम बिनचूक चालतो; चुकते ते वर्णन, आणि त्याची किंमत मोजतो तो रकान्यात न मावणारा माणूस.

नव्या विद्यार्थ्याला जे चार प्रश्न विचारावयास शिकविले जातात, त्यांत म्हणून पाचव्याची भर घालावी असे मला वाटते: हे वर्णन ज्यांच्याविषयी आहे, त्यांना कोणी विचारले होते काय? नॉर्वेच्या धातुकामगारांनी तो प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यास त्यांना साहाय्य केले ते वर्गाची कल्पना प्रथम मांडणाऱ्यानेच.

न्यूगोर आणि डाल ह्यांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक संयुक्तपणे देण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात, २९ जून २००२ रोजी डाल निवर्तले, आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला न्यूगोरही गेले. सिम्युला आज क्वचितच कोणी लिहितो. पण तिच्यातील वर्ग आणि वस्तू जगभरच्या भाषांत नांदत आहेत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी जेव्हा कोऱ्या कार्डावर पहिले नाव लिहितो, तेव्हा तो त्या पुलाच्या नाक्यावर उभा असतो. रांगेत कोण कोण आहे हे त्याने नीट पाहून घ्यावे, आणि मगच लिहावे.